बजीचं ‘ब्रेडफॅन’ ऐकताना मेटॅलिकाला जरा बाजूला ठेवा

आधीच सांगून टाकतो, मी बेस गिटार वाजवतो. त्यामुळे ज्या बँडमध्ये गाणाराच बेस वाजवतो त्या बँडकडे माझं माप थोडं झुकणार, हे गृहीत धरून पुढे वाचा.

‘ब्रेडफॅन’ हे गाणं आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर पडलं ते मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या कृपेने. १९८८ मध्ये ‘हार्वेस्टर ऑफ सॉरो’ या सिंगलच्या, म्हणजे एका मुख्य गाण्याच्या तबकडीच्या, मागच्या बाजूला त्यांनी ते घेतलं, मग १९९८ च्या ‘गॅरेज इन्क.’मध्ये ते परत आलं आणि मैफिलींमध्येही ते वाजवत राहिले. मूळ गाणं मात्र १९७३ चं, वेल्समधल्या कार्डिफच्या बजी नावाच्या तिघांच्या बँडचं. ‘नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड’ या त्यांच्या तिसऱ्या अल्बमचं हे पहिलंच गाणं. मेटॅलिकाचं ‘ब्रेडफॅन’ तोंडपाठ असलेली आणि मूळ कधीच न ऐकलेली माणसं मला सारखी भेटतात. कव्हर, म्हणजे दुसऱ्याने वाजवलेली आवृत्ती, ऐकलंय म्हणजे गाणं ऐकलंय, असा त्यांचा समज असतो. तो तेवढा मोडून काढावा, म्हणून हा खटाटोप.

गाण्याची सुरुवात रिफने, म्हणजे परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्याने, होते आणि हा रिफ एकदा कानात शिरला की मुक्कामालाच येतो. टोनी बोर्जची गिटार खालच्या जाड तारेवर धावत सुटते आणि मग बेस आणि ड्रम तिच्यावर येऊन आदळतात. १९७३ च्या मानाने हा वेग अंगावर येणारा आहे. त्या वर्षी लेड झेपलिनचा ‘हाउसेस ऑफ द होली’ आला होता आणि ब्लॅक सॅबथचा ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’ही. दोन्ही थोर अल्बम, वाद नाही. पण पुढे ऐंशीच्या दशकात ज्या सुसाट मेटलला थ्रॅश म्हणू लागले, त्यात मुरलेल्या पोरांना आपलं वाटावं असं काही ऐकायचं असेल, तर त्या वर्षातलं माझं बोट याच रिफवर पडतं. मेटॅलिकाने उगाच नाही उचलला.

गाणं आहे एका कवडीचुंबकावर. पैशाला चिकटून बसलेल्या माणसाला डिवचायचं, त्याची हाव त्याच्याच तोंडावर मारायची, एवढाच त्याचा ऐवज. शब्द मोजके, बरेचसे फिरून फिरून येणारे. इथे काव्य शोधायला जाऊ नका. शब्द म्हणजे आवाजाला टांगायची खुंटी. (मेटॅलिकामुळे मूळ कर्त्यांच्या खिशात चार पैसे पडले असतील तर ते पैशाच्या हावेवरच्या गाण्यामुळे पडले, ही गंमत वेगळीच.)

आणि तो आवाज! बर्क शेली. लांब केस, मोठा चष्मा, हातात बेस आणि गळ्यातून निघणारी उंच, धारदार, किंचित सानुनासिक हाक. पहिल्यांदा ऐकणारा हमखास म्हणतो, ‘अरे, हा तर रश या कॅनेडियन बँडचा गायक गेडी ली!’ दिसायलाही तसाच, वाजवतोही बेसच. तारखा मात्र उलट्या आहेत. बजीचा पहिला अल्बम १९७१ चा, रशचा १९७४ चा. कोणी कोणाचं घेतलं असं मी म्हणत नाही, गेडी लीचा मी भक्तच आहे. पण निदान ‘रशसारखा आवाज’ अशी बजीची ओळख करून देणं थांबवा.

आता मुद्द्याकडे येतो. ‘ब्रेडफॅन’ ऐकायचं ते त्याच्या मधल्या भागासाठी. रिफचा धिंगाणा ऐन रंगात आलेला असताना गाणं अचानक थांबतं. हळूहळू मंदावणं वगैरे काही नाही, थेट जमिनीवर येतं. गिटार मऊ होते, ड्रम मागे सरतात आणि मघापासून किंचाळणारा शेली हलक्या, जवळजवळ अंगाईच्या सुरात गाऊ लागतो. ज्या माणसावर आतापर्यंत ओरडत होता, त्याचीच आता कीव केल्यासारखा. पहिल्या ऐकण्यात वाटतं की दोन वेगळी गाणी चुकून एका फितीवर आली. चौथ्या-पाचव्या ऐकण्यात तो भाग नसेल तर रिफला अर्थच उरणार नाही असं वाटू लागतं. त्या शांततेतून रिफ परत उसळतो तेव्हा त्याचं वजन दुप्पट झालेलं असतं, आणि तिथून पुढे बोर्जची गिटार सुटते ती सुटतेच.

मेटॅलिकानेही हा मधला भाग ठेवलाय, हे त्यांचं श्रेय. पण त्यांचा एकूण वेग जास्त आहे, गाणं साधारण अर्ध्या मिनिटाने आटोपतं आणि सगळं कसं इस्त्री केलेलं आहे. त्यांचा गायक जेम्स हेटफिल्डचा आवाज दणकट, पण एकाच रंगाचा. तो कवडीचुंबकाला दम देतो. शेली त्याला चिडवतो, मग त्याच्या शेजारी बसतो आणि मग पुन्हा चिडवतो. या फरकामुळेच मूळ गाणं मला जास्त जड वाटतं. वेगात मेटॅलिका पुढे, सफाईतही पुढे. पण हार्ड रॉकमधलं वजन नुसत्या वेगातून येत नाही. ते तीन माणसांमधल्या मोकळ्या जागेतून येतं, आणि मेटॅलिकाने ती सगळी जागा भरून टाकली.

ती मोकळी जागा म्हणजे काय, ते हे गाणं बसवायला घेतलं की कळतं. आमच्या हौशी चमूने ते घेतलं होतं. रिफ तसा फार अवघड नाही. उजव्या मनगटाची वाट लागते, पण महिन्याभरात हात बसतो. खरी परीक्षा त्या शांत भागातून परत येताना. मघाचा वेग कुणाच्याच डोक्यात नेमका उरलेला नसतो. ड्रमर उत्साहात जास्त जोरात सुटतो, गिटारवाला जुन्याच लयीत येतो आणि बेसवाला दोघांकडे बघत राहतो. मूळ रेकॉर्डिंग घ्या आणि तेवढाच तुकडा परत परत ऐका. तिघं एका श्वासात आत येतात. रे फिलिप्सचे ड्रम काही डोळे दिपवणारे नाहीत, पण त्या एका जागी त्याने जे धरून ठेवलंय त्याला तोड नाही. शिवाय रिदमला दुसरी गिटार नाही. बोर्ज सोलोला गेला की खाली उरतो तो फक्त बेस, आणि शेलीचा बेस तेव्हा मागे लपत नाही. तो पुढे येतो, गुरगुरतो, गिटारने मोकळी केलेली जागा अर्धी भरतो आणि अर्धी तशीच सोडतो. सोलोच्या वेळी गिटार ऐकायची सोडून एकदा फक्त खालचा बेस ऐका, मग मला काय म्हणायचंय ते कळेल.

तक्रारीही आहेत. ड्रमचा आवाज कोरडा, पातळ आहे. झांजा जवळ आणि मोठा ड्रम लांब असं काहीतरी वाटतं. बजीच्या पहिल्या दोन अल्बमांचा निर्माता रॉजर बेन होता. ब्लॅक सॅबथचे पहिले तीन ज्याने केले तोच हा. तिसऱ्या अल्बमला बँडने निर्मिती स्वतःकडे घेतली. त्याने मोकळेपणा आला खरा, पण खालचा दणका थोडा गेला, असं माझं मत. बेनच्या हाताखाली हा रिफ कसा वाजला असता, हा विचार मी दरवेळी करतो. रेकॉर्डिंग झालं वेल्समध्येच, मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत. शेतवाडीवर दोघा वॉर्ड बंधूंनी उभा केलेला, राहण्याची सोय असलेला हा स्टुडिओ. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं कामही पुढे १९७५ मध्ये इथेच सुरू झालं. क्वीनची वाहवा करायला तिथे जाणाऱ्यांनी दोन वर्षं आधी त्याच ठिकाणी काय शिजत होतं तेही विचारावं.

अल्बम विकत घ्यावा की नुसतं हे एक गाणं ऐकून सोडून द्यावं? घ्या. आणि शक्य असेल तर मोठी तबकडीच घ्या, कारण रॉजर डीनने काढलेलं कव्हर मोबाइलच्या पडद्यावर चिमणीएवढं दिसतं. येस या बँडच्या अल्बमांची ती तरंगती बेटं काढणारा तोच हा. इथे त्याने एका माणसाची आणि महाकाय पक्ष्याची झुंज लावली आहे. बँडचं नाव ठेवलंय पिंजऱ्यात पाळतात त्या चिमुकल्या पोपटाचं, आणि कव्हरवर मात्र हे असं. एवढं दणदणीत वाजवायचं आणि नाव मात्र अगदी उलट्या टोकाचं घ्यायचं, ही शेलीची मूळ कल्पना. या बँडची सगळी विनोदबुद्धी त्यात आली. त्याआधीच्या ‘स्क्वॉक’चं कव्हरही डीनचंच, विमानाला पक्ष्याची कवटी लावलेलं. नंतरच्या ‘बँडोलियर’वर तर पक्ष्यांची डोकी असलेले घोडेस्वार आहेत.

बाकीच्या गाण्यांबद्दल थोडक्यात. ‘बेबी, प्लीज डोन्ट गो’ ही जुनी ब्लूज चीज, बिग जो विल्यम्सने १९३५ मध्ये रेकॉर्ड केलेली. बजीने तिला चाकं लावून पळवली आहे आणि मजा येते. ‘यू नो आय विल ऑल्वेज लव्ह यू’ सव्वादोन मिनिटांचं गोग्गोड गाणं, ते काही मला झेपत नाही. त्यानंतरच्या ‘यू आर द बिगेस्ट थिंग सिन्स पावडर्ड मिल्क’ची सुरुवात लांबलचक ड्रम सोलोने होते. ड्रमवर यंत्राने घुमवलेला तो गरगरता आवाज त्या काळी नवलाचा असेल, आज नुसता वेळ खातो. तो ओलांडलात की या गाण्याचा पुढचा भाग झकास आहे. ‘इन द ग्रिप ऑफ अ टायरफिटर्स हँड’ हा तगडा, जमिनीवर पाय रोवून उभा असलेला रिफ. ‘ब्रेडफॅन’ आवडलेल्याने याच्याकडे लगेच जावं.

शेवटचं ‘पेरेंट्स’. दहा मिनिटांहून मोठं. लहानपणी आईवडील ज्या सूचना द्यायचे, ज्या ऐकून आपण तोंड फिरवायचो, त्या मोठेपणी आठवणाऱ्या माणसाचं हे गाणं आहे. ‘ब्रेडफॅन’चा तो मधला हळवा तुकडा वाढून त्याचं स्वतंत्र गाणं झालं तर ते असं होईल. बोर्जचा सोलो इथे घाईत नाही. तो सावकाश चढतो, मधेच थांबतो, परत चढतो, आणि प्रत्येक चढणीवर वाटतं की आता संपवेल. संपवत नाही. बजीचं सर्वांत चांगलं गाणं कोणतं असं कोणी विचारलं तर मी ‘पेरेंट्स’ म्हणतो. बजी कोण होते असं विचारलं तर ‘ब्रेडफॅन’ ऐकवतो, कारण त्यात सहा मिनिटांत दोन्ही बाजू आहेत.

मला वाटतं, याच दोन बाजूंनी त्यांना मागे ठेवलं. दणका हवा असणाऱ्यांना मधला हळवेपणा नकोसा, हळवेपणा हवा असणाऱ्यांना दणका सोसवत नाही. आणि दोघांनाही गाण्यांच्या नावांचं काय करावं ते कळत नाही. ‘न्यूड डिसइंटिग्रेटिंग पॅराशूटिस्ट वुमन’, ‘हॉट ॲज अ डॉकर्स आर्मपिट’, ‘नेपोलियन बोना-पार्ट वन’. रेडिओवर निवेदकाने हे गंभीर चेहऱ्याने कसं सांगावं? झेपलिनभोवती गूढ होतं, सॅबथभोवती भीती होती. बजीभोवती काय, तर एक चष्मेवाला आणि एक पोपट. प्रतिमा विकायच्या धंद्यात हा माल अवघडच.

तरी वाजवणाऱ्यांनी त्यांना बरोबर ओळखलं. मेटॅलिकाने ‘ब्रेडफॅन’च्या आधीच, १९८७ मध्ये ‘क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी’ घेतलं होतं. बजीचं १९७१ चं हे सिंगल पुढे १९७४ च्या ‘इन फॉर द किल’वर आलं. आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडने बजीचं ‘आय कान्ट सी माय फीलिंग्ज’ वाजवलं आणि १९९२ च्या ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ या सिंगलच्या मागे लावलं. म्हणजे दोन अवाढव्य बँडच्या सिंगलची मागची बाजू बजीने भरली. पुढच्या बाजूला त्यांना कधी फारशी जागा मिळाली नाही.

बँडचं पुढे काय झालं? ‘नेव्हर टर्न युअर बॅक’नंतर लगेच रे फिलिप्स बाहेर पडला, म्हणजे ‘ब्रेडफॅन’ वाजवणारं त्रिकूट तिथेच संपलं. ‘इन फॉर द किल’ला ड्रमवर पीट बूट, ‘बँडोलियर’पासून स्टीव्ह विल्यम्स. विशेष म्हणजे ब्रिटनच्या अल्बम यादीत बजी शिरले ते या दोन अल्बमांमुळे, तिसऱ्यामुळे नाही. असं घडतंच, कारागिरीचं बक्षीस पुढच्या कामाला मिळतं. १९७८ मध्ये बोर्ज बँड सोडून गेला. काही काळाने त्याच्या जागी जॉन थॉमस आला आणि १९८० च्या ‘पॉवर सप्लाय’पासून आवाज सरळसोट हेवी मेटलकडे वळला. वाईट नाही, पण बोर्जचं ते आडवळण गेलं. १९८२ मध्ये ते रीडिंग महोत्सवात एका दिवसाचे प्रमुख कलाकार होते, आणि त्याच वर्षी लष्करी कायदा चालू असलेल्या पोलंडमध्ये त्यांनी दौरा केला. पाश्चात्त्य हेवी बँड तिथे तेव्हा फिरकतही नसत. त्या देशाने त्यांना कायमचं आपलं मानलं.

पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच पोलंडमध्ये शेलीच्या महाधमनीचं मोठं दुखणं निघालं आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर बँडचं वाजवणं थांबलं. १० जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी शेली कार्डिफमध्ये वारला. २००६ चा ‘यू आर ऑल लिव्हिंग इन कुकूलँड’ हा त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. तोपर्यंत नावातला पक्षी काही सुटला नव्हता.

गुण द्यायचेच तर ‘ब्रेडफॅन’ला पाचपैकी पावणेपाच. पाव गुण त्या पातळ ड्रमसाठी कापला. अल्बमला चार, आणि तो ड्रम सोलो व ते गोग्गोड गाणं नसतं तर साडेचार. कानात घालायच्या बारीक इअरफोनवर ऐकू नका, कारण शेलीचा बेस तिथे नुसती भुणभुण होतो. चांगला स्पीकर घ्या, आवाज वाढवा आणि शेजारी चांगले असतील तर आणखी थोडा वाढवा.

आवडलं तर पुढचा क्रम असा: आधी ‘इन फॉर द किल’, मग ‘बँडोलियर’, मग मागे जाऊन १९७१ चा पहिला, ज्याला बँडचंच नाव आहे. तिथे ‘होमिसायडल सुइसायडल’ आणि ‘गट्स’ सोडू नका. ‘स्क्वॉक’ त्यानंतर सवडीने ऐका. १९८२ चा ‘डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हिल’ मात्र सगळ्यात शेवटी ठेवा, कीबोर्ड फार झालेत.